अव्वाचे तीन वाफे

विद्यापीठाच्या शेतीला लोकांनी मदत कशी करावी, याचं एक पत्रक मी एकेकाळी स्वतःच्या हातानं लिहिलं आहे. श्रमदान करा, शेणखत द्या, शाळेतली मुलं शेती बघायला आणा, आपला अनुभव सांगायला या, एखाद्या वाफ्याचे पालक व्हा. भाषा अशी गोड की वाचणाऱ्याला वाटावं, या कृषीवाल्यांना सगळं येतं, फक्त हात कमी पडतात. खरं नेमकं उलटं होतं. हात भरपूर होते, कारण दुष्काळात कुणालाच काम नव्हतं. येत काही नव्हतं ते आम्हालाच.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. जिल्हा नवा झाला की आधी पाट्या बदलतात, मग साहेब येतात, मग साहेबांच्या जीपा येतात. पाऊस कधी येणार हे शासन निर्णयात लिहिलेलं नसतं. त्या साली मृगानं नुसतं तोंड दाखवलं आणि पोळ्यानंतर आभाळ जे कोरडं पडलं ते पडलंच. गावात टँकर, रस्त्यावर रोजगार हमीची खडी आणि शहरात रोज एका नव्या कचेरीचं उद्घाटन. नारळ मात्र कुठं कमी पडल्याचं ऐकलं नाही.

मी मूळचा भोकरकडचा. बौद्धवाड्यात घर, शेताच्या नावानं शून्य. आईनं जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं. पोरगा शेतकीच्या कॉलेजात काय करतो, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "दुसऱ्याच्याच रानात काम करून राहिला. पर पँट घालून." तिचं खोटं नव्हतं. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं आणि नव्या जिल्ह्याच्या कृषी खात्यात जागा निघाल्या होत्या. त्यातल्या एकीवर माझा डोळा होता. तोंडी बोलणं होऊन गेलेलं, अट एकच, उन्हाळ्यापर्यंत पदवी हातात पाहिजे. शिष्यवृत्तीही तिथंच संपत होती. म्हणजे माझं सगळं घोडं बारा वाफ्यांपाशी अडलेलं होतं.

लातुरातून अहमदपूरकडं निघालं की रस्त्याला लागून विद्यापीठाचं शिकवण्याचं शेत लागायचं. लोक त्याला फारम म्हणत. तिथं माझा प्रयोग होता आणि तो अगदी साधा होता. ज्वारीचे बारा वाफे, पाणी एकालाही द्यायचं नाही. तीन वाफ्यांवर पाचट पसरून ओल झाकायची, तिनांत सऱ्या पाडून मध्ये मध्ये बांध घालायचे, तिनांत जास्तीच्या कोळपण्या द्यायच्या. उरलेल्या तिनांत पेरणीनंतर काहीच करायचं नाही. या शेवटच्या तिघांचं काम म्हणजे वाईट दिसणं. ते जितके वाळतील तितकी बाकीच्या नवांची अक्कल उठून दिसणार. वर्गात एखादा ढ असल्याशिवाय मास्तरांना हुशार पोरगा ओळखू येत नाही, त्यातलाच प्रकार.

दुष्काळ पडला आणि फारमाच्या मजुरीचे पैसे वरून बंद झाले. प्राचार्यांनी लोकसहभाग नावाची गोष्ट कुठल्याशा बैठकीत ऐकली होती, ती त्यांनी लगेच आमच्यावर वापरली. मी पत्रक लिहिलं, सायक्लोस्टाइल केलं आणि बाजार समितीपासून एस.टी. स्टँडपर्यंत वाटलं.

लोक आले, नाही असं नाही. एका गावच्या मंडळींनी वाजतगाजत एक बैल आणून दिला. गळ्यात हार, शिंगांना रंग. बैलाचे दात बघितले तेव्हा कळलं की तो म्हातारा आहे आणि त्याला वैरण घालायची ऐपत राहिली नव्हती म्हणून हे औदार्य. एका शाळेचे हेडमास्तर साठ पोरं घेऊन श्रमदानाला आले. पोरांनी तण काढलं, तणाबरोबर थोडी करडई काढली आणि शेजारचा हरभरा हिरवा होता तेवढा सोलून खाल्ला. हेडमास्तरांनी शेवटी राष्ट्रगीत घेतलं, म्हणून आम्हाला सावधान उभं राहून ते बघावं लागलं. एक निवृत्त तहसीलदार रोज सकाळी अनुभव सांगायला यायचे. त्यांनी आयुष्यात फक्त शेतसारा वसूल केला होता. खरं काम केलं ते आमच्या विहारातल्या पोरांनी. एका रविवारी आली, बांध नीट केले, बांधून आणलेली भाकरी सोडून खाल्ली आणि भाषण न करता गेली. त्यांचा फोटो अर्थातच कुणी काढला नाही.

सगळ्यात जोरात चालली ती वाफ्याचे पालक होण्याची योजना, कारण तिच्यात पाटी होती. वाफ्याच्या कडेला पत्र्याची पाटी लावायची आणि तिच्यावर पालकाचं नाव. मोंढ्यातल्या एका आडत्यानं रस्त्याकडचे तीन वाफे पटकावले आणि पाटी इतकी मोठी करून आणली की तिची सावली ज्वारीवर पडायला लागली. माझ्या मार्गदर्शक सरांनी ती आडवी केली तर ते रुसले. पेंटर तर नव्या जिल्ह्याच्या पाट्या रंगवून इतका सरावला होता की त्यानं आमच्या प्रत्येक पाटीखाली सवयीनं 'जि. लातूर' लिहून टाकलं. एकेका वाफ्याला जिल्हा मिळाला, पाऊस तेवढा मिळाला नाही.

नऊ वाफ्यांना पालक झाले. तीन उपाशी वाफे उरले. त्यांच्याकडं कोण बघणार? मागच्या कोपऱ्यात होते आणि दिसायलाही दळभद्री. पण प्राचार्यांचा हुकूम होता की कलेक्टर येणार आहेत, एकही वाफा बिनपाटीचा दिसता कामा नये.

त्या कोपऱ्याला लागूनच एका म्हाताऱ्या बाईचं रान होतं. सगळे तिला अव्वा म्हणत. कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. नवरा केव्हाच वारलेला, लेक उदगीरला दिलेली. पाच एकर रान आणि एक विहीर ती एकटी सांभाळायची. कुंपणापलीकडून आमची शेती बघणं ही तिची करमणूक होती. आम्ही दोरी लावून, फूटपट्टी घेऊन पेरायला लागलो की ती बांधावर बसून म्हणायची, "मोजा बाबा, मोजा. ज्वारीला कापडं शिवायचीत व्हय?" तिच्या विहिरीवर मी कधीमधी पाणी प्यायला जायचो. ती माझ्या ओंजळीत वरून पाणी ओतायची. विहिरीवर सगळेच ओंजळीनं पितात, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. घेतलं, पण दाखवलं नाही.

एक दिवस ती पाट्या बघत बघत आत आली. सगळा प्रकार विचारून घेतला. मग कोपऱ्यातल्या तीन वाफ्यांपाशी थांबली.

"ह्या तिघाला कुणी न्हाई का?"

"न्हाई, अव्वा."

"मग लिव्हा माझं नाव."

मला हायसं वाटलं. बला टळली. लगेच नाव लिहून घेतलं.

"करावं काय लागतंय?" तिनं विचारलं.

"काईच न्हाई. तुमी काईच करू नका."

जन्मात पहिल्यांदा मी हे शब्द अगदी त्यांच्या सरळ अर्थानं म्हणत होतो. पण आमच्या मुलखात "काही नको" याला काडीची किंमत नाही. पाहुणा दारात उभा राहून "काई नगं, बसत न्हाई" म्हणाला की आत चुलीवर भांडं चढतं. लग्नपत्रिकेवर 'आहेर आणू नये' असं छापलेलं असलं तरी लोक काखेत पातेली घेऊनच मांडवात शिरतात. जो खरोखरच काही आणत नाही, त्याचं नाव पुढं वीस वर्षं निघतं. अव्वा या मुलखात मुरलेली बाई. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, भला पोरगा दिसतोय, भिडेनं बोलतोय, असं ठरवलं आणि घरी गेली. त्यावेळी मी दोन मिनिटं खर्चून सांगितलं असतं की हे वाफे मुद्दाम उपाशी ठेवायचे आहेत, तर पुढचं काही घडलं नसतं. पण म्हातारीला काय कळणार, असं मला वाटलं. शिकलेला माणूस होतो ना मी.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला तिकडं येळवस असते. आमच्या गावाकडं ती मी पाहिली नव्हती. त्या दिवशी अख्खं लातूर कुलूप लावून रानात जातं. कडब्याची खोप उभारतात, आत पूजा मांडतात आणि येईल त्याला आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे वाढतात. ओळख लागत नाही, नुसतं बांधावरून जाताना दिसलात तरी धरून बसवतात. अव्वानं मला धरून बसवलं. दुष्काळातही तिनं मडकंभर आंबील केली होती. जेवण झाल्यावर लोक पिकाभोवती आंबील शिंपडत फिरतात, तशी ती आपल्या रानाभोवती फिरली आणि तिथून थेट कुंपण ओलांडून माझ्या तीन वाफ्यांभोवती. मी पोटभर जेवलेला, हसत बघत होतो. वाफ्यांतली माती ओली दिसली. मला वाटलं, म्हातारीनं आंबील जरा सढळ हातानं शिंपडली. यावरून मी किती मोठा शास्त्रज्ञ झालो असतो याची कल्पना यावी.

चार दिवसांनी उंची मोजायला बसलो. उपाशी वाफे पाचटाच्या वाफ्यांपेक्षा वीतभर उंच. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. पानं रुंद, गडद, कणसांच्या पोटऱ्या भरलेल्या. मी वही उलटी धरून पाहिली, पट्टी बदलली, जमिनीवर शंका घेतली, बियाण्यावर घेतली. आमची सगळी विद्या शंका घेण्याची. फक्त शेजारणीवर शंका घ्यायची कुणी शिकवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला फारमावर गेलो, तर अव्वा कुंपणातून येत होती. डोक्यावर एक घागर, काखेत दुसरी. तिसऱ्या वाफ्यात ती वाकली आणि ज्वारीच्या ताटाच्या बुडाशी धार सोडायला लागली, एकेका ताटाला, एखाद्या लेकराला पाजावं तशी.

मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. रागात 'तुमी'वरून 'तू'वर आलो एवढं आठवतं. "माझ्या दोन वर्षांचं वाटोळं केलंस," असंही म्हणालो. माझ्या ओंजळीत वरून ओतणारी बाई माझ्या ज्वारीला वाकून पाजत होती, हे मला त्या संतापातही दिसलं आणि मी आणखी चिडलो.

ती घागर खाली ठेवून ऐकत राहिली. मी दम खायला थांबलो तेव्हा म्हणाली, "पाटीवर नाव माझं हाय. उपाशी पिकावर माझं नाव? गाव काय म्हणल? आडत्याची ज्वारी झाकून ठेवलीत, माझीच उघडी. म्हणलं, पोरगं गरीब हाय, मागायला लाजायलंय. माझ्या हिरीला हाय तवर घालावं पाणी."

मग मी तिला समजावलं. मुद्दाम उपाशी ठेवलेत, बाकीच्यांशी तोलायला. ते वाळायलाच हवेत. ते वाळले तर मी पास.

"म्हंजी तिघाला जाणून मारायलास?"

"हाव."

"मग मला कशाला दिलास रं त्यांला?"

मी तिच्या रानाकडं बघितलं. तिची स्वतःची ज्वारी कुंपणापलीकडं गुडघाभर उंचीवर पिवळी पडून उभी होती. तिच्या वाट्याचं पाणी दीड महिना माझ्या वाफ्यांत येत होतं.

सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि एकच विचारलं, "कुणी बघितलंय?" कुणी नाही, म्हटल्यावर चष्मा परत घातला. जमिनीत फरक असतो, खालच्या अंगाला ओल टिकते, असं सांगायचं ठरलं. मी अव्वाला जाऊन म्हणालो की विद्यापीठाची तपासणी समिती येईल तेव्हा कुणी विचारलंच तर काही केलं न्हाई म्हणा. ती बरं म्हणाली.

काढणीआधी विद्यापीठातून दोन तज्ज्ञ आले. अव्वा धुतलेलं इरकली लुगडं नेसून आपल्या पाटीशेजारी उभी होती. तिच्या तीन वाफ्यांतली कणसं बाकीच्या नवांना लाजवत होती. थोरले तज्ज्ञ तिथंच थांबले. त्यांनी कणीस हातात घेऊन चोळलं, दाणे तोंडात टाकले.

"आजी, तुम्ही पालक काय? काय केलंत यांना?"

एरवी आमच्या तोंडावर आमच्या शेतीची टर उडवणारी ती बाई खाली बघून म्हणाली, "म्या काय करणार? नुसतं नाव हाय माझं."

तज्ज्ञ खुश झाले. सरांकडं वळून म्हणाले, "हे फारच महत्त्वाचं आहे. काही न करता पीक जास्त येतं! कोरडवाहू शेतकऱ्याचा सगळा खर्च वाचला. यावर पत्रक काढू आपण."

ते मलाच लिहावं लागणार होतं, त्याच गोड भाषेत. काही करू नका, हा सल्ला आमच्या मराठवाड्यात कसा वाऱ्यासारखा पसरला असता हे मला ठाऊक होतं, त्याला अनुदानाचीही गरज नव्हती. पुढच्या साली कुणाकुणाची ज्वारी त्या सल्ल्यानं वाळली असती. आणि समोर अव्वा उभी होती. पोहऱ्याच्या दोरानं सोललेले हात तिनं पदराखाली घेतले होते. तिनं जे केलं होतं ते तिच्याच तोंडून मी पुसून टाकलं होतं, हे मला सहन झालं नाही.

"सर, पाणी घातलंय यांना," मी म्हणालो. "रोज दोन घागरी, दीड महिना. अव्वांनी घातलं. चूक माझी, मी त्यांना नीट सांगितलं नव्हतं."

तज्ज्ञांनी कणीस खाली टाकलं आणि फाईल मिटली. सर आभाळाकडं बघत होते. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं, ढगसुद्धा नव्हता. प्रयोग रद्द, पुढच्या रब्बीत नव्यानं करा, असं पत्र आठ दिवसांत आलं. शिष्यवृत्ती संपली. कृषी खात्यातली जागा माझ्या वर्गातल्या एकाला मिळाली आणि त्यानं मला पेढा आणून दिला. मी तो खाल्ला. मग रोजगार हमीच्या तलावावर हजेरी मांडायला लागलो. आईला कळवलं तेव्हा तिनं निरोप पाठवला की पँट आहे ना अजून, मग झालं.

त्या पत्रानंतर त्या साली अव्वा एकदाच भेटली. "माझ्यामुळं नापास झालास का रं?" तिनं विचारलं. नाही म्हणायला हवं होतं. मी "हाव" म्हणालो आणि सायकलवर बसून निघून गेलो. याची लाज मला आजही वाटते.

पुढचं सालही कोरडंच गेलं. हजेरीच्या कामातून सुट्टी काढून मी बारा वाफ्यांच्या खुंट्या पुन्हा ठोकत होतो, तर मागं अव्वा उभी.

"ती तीन माझ्या नावानं लिव्ह."

"नगं, अव्वा. अवंदा पाट्याच न्हाईत."

"माझी जुनी हाय की घरी. लिव्ह म्हणलं न्हवं? आता ठावं हाय मला काय करायचं ते."

तिनं स्वतःच पाटी आणून रोवली. आणि त्या दिवसापासून रोज सकाळी आपल्या रानातलं काम उरकलं की ती रिकाम्या हातानं यायची आणि तीन वाफ्यांच्या बांधावर बसायची. कार्तिकात पानं वळायला लागली. मार्गशीर्षात खालची पानं करपली. तीस पावलांवर तिची विहीर, तळाला का होईना, पाणी होतं. ती उठायची नाही. रस्त्यानं जाणारे थांबून बोलायचे, म्हातारीच्या नावाची पाटी हाय अन् पीक मरायलंय, बसून बघायलीय नुसती. तिला ज्याची धास्ती होती ते सगळं गाव म्हणालं. ती ऐकून घ्यायची. मी मोजमाप करायला गेलो की सरकून जागा द्यायची. कुंपणापलीकडून येणारी ती मस्करी बंद झाली होती आणि मला ती फार आठवायची.

माघात काढणी झाली. तिच्या तीन वाफ्यांचं धान्य एका सुपात मावलं. बाकीच्या नवांनी आपापली अक्कल दाखवली होती. समितीनं आकडे बघितले, माना हलवल्या आणि सह्या केल्या. मी धावतच तिच्या रानात गेलो.

"अव्वा, पास झालो."

ती विहिरीपाशी दोर गुंडाळत होती. "ते तिघं मेले म्हणून?"

"हाव."

"मग बरं झालं म्हण की," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी पास झालेला माणूस तिच्यासमोर उभा होतो आणि कुठं बघावं ते मला कळत नव्हतं.